रिकामे निरोप

नव्या चिपची संगणकावरची तालीम सकाळपासून ठप्प होती. चिपचा प्रत्येक भाग वेगळ्या संगणकावर, आपापल्या घड्याळानं चालायचा. आज मात्र सगळी घड्याळं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसली होती.

"हे भाग एकमेकांना रिकामे निरोप पाठवायचे, ते कुठं गेले?" दळवी मॅडमनी विचारलं.

"मीच बंद केले," शर्वरी म्हणाली. "'माझ्याकडं काही नाही' एवढंच तर सांगायचे. म्हटलं, उगीच भार कशाला?"

"अगं, ते ऐकूनच तर शेजारचा आपलं घड्याळ पुढं सरकवतो. निरोप आलाच नाही, तर त्याला कसं कळणार, काही नाहीच आहे की अजून यायचंय? तो बसतो वाट बघत."

शर्वरीचा हात कीबोर्डवर थबकला. मिरजेहून वडिलांचा रोज संध्याकाळी फोन यायचा. "काही विशेष नाही गं, सहज केला." दिवाळीनंतर एकदा ती वैतागून म्हणाली होती, "अप्पा, काही असेल तरच करत जा ना!" त्यांनी मुकाट्यानं ऐकलं. त्यानंतर फोन आला नव्हता, आणि तिच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

जिन्यात जाऊन तिनं फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही, अप्पा. सहज केला."

मग अप्पा घाईघाईनं म्हणाले, "बरं, बरं. ठेव मग, कामात असशील. काही असेल तरच कर हं."