अंकल म्हणू नका

सदानंदअण्णांनी आदल्याच दिवशी केस काळे केले होते, आणि सकाळी भवानीच्याच वेळेला त्यांच्या साड्यांच्या दुकानात शिरलेली कॉलेजातली मुलगी म्हणाली, "अंकल, ती वरची इरकल दाखवा की!"

एम.ए. इंग्लिश झालेल्या अण्णांचं डोकं सणकलं. साडी काढता काढताच त्यांनी सुनावलं, "अंकल हा शब्द मूळचा लॅटिन, कळलं? त्याचा अर्थ फक्त मामा. काकाला तिकडं वेगळा शब्द होता. मागनं इंग्रजांनी काका-मामा एकाच पोत्यात भरले, आणि आपण दिसेल त्याला अंकल म्हणत सुटलो. मी काय तुझ्या आईचा भाऊ आहे?"

मुलीची आई शेजारीच बसली होती. तिनं इरकलीची नीट घडी घातली आणि ती आपल्या पिशवीत ठेवली.

"मला भाऊ नाही हो. आजपासून तुम्हीच."

"आनंद आहे, अक्का. पण बिल..."

"भाऊ बहिणीला साडीचोळी करतो, अण्णा. विकत नाही."

आता दुकानात कुणी थेट 'आज्जा' अशी हाक मारली, तरी सदानंदअण्णा निमूट 'ओ' देतात.