फाटका कान

एर्मेलिंदा आणि तिची लेक यानेत कळपातल्या लोकरी अल्पाकांच्या कानांत सणाचे रंगीत गोंडे ओवत होत्या. गोंडा मिरवत एखादी अल्पाका ऐटीत निघाली की दोघी खळखळून हसत. म्हाताऱ्या पांढरीला मात्र एकच गोंडा; दुसरा कान दोन वर्षांपूर्वी फाटलेला.

अचानक पांढरी डोंगराकडे बघून किंचाळली. पाठोपाठ सगळा कळप. पुमासारखं शिकारी जनावर दिसल्याशिवाय अल्पाका अशा ओरडत नाहीत. एर्मेलिंदा ताडकन उठली. तिने गोफण उचलली.

उतारावरून तिचा नवरा येत होता. दोन वर्षांनी, खाणीवरून, हातात बाटली घेऊन.

"काय गं, धन्यालाच विसरली होय ही जनावरं?"

यानेत आईच्या मागे लपली. एर्मेलिंदाने गोफणीत दगड घातला.

"विसरली असती, तर गप्प बसली असती."