चार अक्षरांवर थांबलेलं बोट

“शब्द पुरा होईपर्यंत पाटी खाली ठेवायची नाही. हात भरून आला तरी नाही. त्यांना वाटतं, आपलं ऐकणारं माणूस उठून गेलं.”

वाचा गेलेल्या रुग्णांना शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं. पाटी म्हणजे प्लॅस्टिकचा पांढरा तक्ता. त्यावर इंग्रजी अक्षरं, टाइपरायटरवर असतात त्याच ओळींत. बाबांनी चाळीस वर्षं इंग्रजी टायपिंग केलेलं. अर्धांगाने जीभ गेली, उजवा हात गेला; पण डाव्या हाताच्या बोटाला अक्षरांचे पत्ते पाठ होते.

त्या शेवटच्या संध्याकाळी, भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा चार अक्षरं झाली होती. ए, एल, टी, ई. बोट पाचव्याकडे निघालं होतं. “बाबा, उरलेलं उद्या हं. चारला येते मी,” असं म्हणून तिने पाटी कपाटावर ठेवली. पालथी.

पहाटे दवाखान्यातून फोन आला.

आता तिचा नेम झाला होता. आंघोळ झाली की बाबांची जाडजूड डिक्शनरी उघडायची आणि ही चार अक्षरं ज्यात कुठेही असतील तो प्रत्येक शब्द वहीत उतरवायचा. दमलेलं बोट अक्षरं गाळतं, मागेपुढे करतं, असं बाईच म्हणाल्या होत्या. दहा शब्द झाल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. आज दुपारचे अडीच वाजले तरी नऊच झाले होते.

“ताई, मोबाईलवर चार अक्षरं टाकली की अख्खी यादी एका दमात येते,” धाकटा भाऊ म्हणाला. “डोळे कशाला फोडून घेतेस?”

“मोबाईल बाबांना ओळखतो का?”

“आणि डिक्शनरी ओळखते?”

“चाळीस वर्षं उशाला होती त्यांच्या.”

भावाने वही पुढे ओढली. “अ‍ॅथलीट. चॉकलेट. इलास्टिक.” तो थांबला. “बाबांना इलास्टिक हवं होतं?”

“पायजम्याचं सैल झालं होतं खरं.”

दोघंही खुदकन हसले. मग कोणीच हसेना.

ज्या दिवशी ‘ब्लँकेट’ सापडला, त्या दिवशी ती भरल्या ताटावरून उठली होती आणि बाबांच्या रिकाम्या पलंगावर, पायांच्या बाजूला, पांघरूण पसरून आली होती. ते अजून पलंगावरच होतं. येता-जाता भाऊ ते गुपचूप थोडं वर सारत असे.

पाटी टेबलावर भिंतीला टेकून उभी होती. टक. प्लॅस्टिकवर नख आपटावं तसा आवाज झाला.

भावाने वहीवरचा हात उचलला. “नळ असेल.”

“नळ सकाळी तूच दुरुस्त केलास.”

थोडा वेळ दोघं पाटीकडे बघत बसले. मग त्याने मान खाली घालून विचारलं, “‘लेट’ आला का गं?”

“गेल्या सोमवारी.”

“त्या दिवशी खाली हॉर्न मी वाजवत होतो.”

“घंटा झाली होती रे.”

“घंटेच्या आधीपासून वाजवत होतो, ताई.”

 तिने तो हॉर्न ऐकला होता. बाबांनीही ऐकला असणार. त्यांचं बोट तेव्हाच घाई करू लागलं होतं.

फोन वाजला. दवाखान्यातल्या त्याच शिकवणाऱ्या बाई होत्या. ओशाळल्यासारख्या बोलत होत्या. “मागू नये, पण ती पाटी तुमच्याकडेच राहिलीय. आमच्याकडे दुसरी नाही. त्याच खाटेवर एक आजी आल्यात. टेलिफोन ऑपरेटर होत्या, इंग्रजी येतं त्यांना. भेटायला कोणी येत नाही. दिवसभर हवेतच बोट फिरवत असतात. कोणाबरोबर तरी पाठवून देता का?”

तिने फोन ठेवला आणि भावाला सगळं सांगितलं.

“दे, मी टाकून येतो. तू तुझा दहावा शब्द शोध.”

तिने डिक्शनरी मिटली. ‘पी’च्या पानांपर्यंत आली होती, खूण ठेवायला पेन्सिल उचलली, पण आत ठेवली नाही. पाटी पुसायला फडकं घेतलं. कोपऱ्यात बाबांच्या बोटाचा पुसट डाग होता. फडकं तिने परत खुंटीला अडकवलं.

“नको. मी जाते. चारला येते म्हणाले होते मी.”

“कोणाला?”

तिने पिशवी खांद्याला लावली, चपला पायात सरकवल्या. वही टेबलावर तशीच उघडी राहिली.

“बरं, परत किती वाजता? गाडी घेऊन येतो, खाली थांबतो.” मग तोच घाईने म्हणाला, “हॉर्न नाही वाजवणार.”

“थांबू नकोस रे,” ती हळूच म्हणाली. “शब्द केवढा आहे कोणाला माहीत.”

पाटी छातीशी उभी धरून, अक्षरं बाहेरच्या बाजूला ठेवून ती जिना उतरली. शेवटच्या पायरीवर चपलेचा पट्टा सुटला. तो लावायला तिने पिशवी खाली ठेवली.

पाटी नाही ठेवली.