सर्वात संथ लॅपटॉप

देवपूरच्या नवलनानांच्या खोलीत त्यांनी जमवलेले जुने लॅपटॉप ओळीनं मांडलेले असत. शाळा सुटली की मुलं येऊन त्यांवर चित्रं काढायची. खुशनुमा मात्र रोज तो जाडजूड काळाच मागायची. तो चालू होईपर्यंत नाना गोष्ट सांगत. पडदा उजळला की गोष्टीतलं गलबत ढगांत तिथंच थांबायचं.

आज पंखा नुसताच घरघरला. पडदा काळाच राहिला. नानांनी बरीच खटपट केली. शेवटी उतरल्या चेहऱ्यानं झाकण मिटलं.

"आटोपला बठ्ठा खेळ. तू दुसरा घे, बेटा. तो लगेच चालू होतो."

खुशनुमानं झाकण पुन्हा उघडलं आणि काळ्या पडद्यासमोर मांडी घातली.

"मला हाच पाहिजे, नाना. हा चालू होईपर्यंत गोष्ट सांगा."