दंडावरचं कार्ड

आत्याने भाचीच्या दंडाला पट्टा गुंडाळला, पण बक्कल काही लागेना. उधळलेले घोडे वठणीवर आणण्यात हयात गेलेली बाई, आणि आज एवढंसं बक्कल तिला दाद देईना.

पट्ट्याच्या पारदर्शक खिशात कार्ड होतं. घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेत प्रत्येक स्वाराला ते बांधावंच लागतं, त्याशिवाय मैदानात सोडत नाहीत. पडून शुद्ध हरपली तर डॉक्टर आधी ते वाचतात. रक्तगट, औषधं, आणि सगळ्यात खाली एक प्रश्न: गेल्या सहा महिन्यांत डोक्याला मार? पुढे पोरीने लिहिलं होतं, 'नाही'.

लिहायला सांगितलं होतं आत्यानेच. तीन आठवड्यांपूर्वी सरावात पोर डोक्यावर पडली होती. दोन मिनिटांत उठली, हसलीसुद्धा. 'हो' लिहिलं असतं तर डॉक्टरांनी तिला घोडीच्या आसपास फिरकू दिलं नसतं, आणि जागतिक स्पर्धेचा संघ तर आजच्या फेरीवर ठरणार होता. एकोणिसाव्या वर्षी अशी संधी येते कोणाला? एवढ्यातेवढ्याचा बाऊ कशाला, असं आत्या तेव्हा म्हणाली खरी, पण तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"आत्या, आवर की! माझ्यापुढे एकच जण राहिलाय."

"आवरते गं. तोवर अडथळे म्हणून दाखव."

हे नेहमीचंच होतं. सकाळीच दोघींनी अख्खा मार्ग तीनदा पायी तुडवला होता.

पोरीने डोळे मिटले. "एक, कुंपण, सरळ जायचं. दोन, टेबल. तीन, खंदक, तिथे घोडीला आवरायचं..." घडाघडा म्हणत सुटली. आत्याला हायसं वाटलं. उगाच जिवाला घोर लावून घेतला आपण. बक्कलही एकदाचं बसलं.

"सात, पाण्यात उडी. बाहेर आलं की उजवीकडे वळायचं, झाडाखालून, मग मोठा ओंडका. त्याला जरा जपायचं."

इथे पाण्यातून बाहेर आलं की डावीकडे वळायचं होतं. ओंडका तर अख्ख्या मार्गावर कुठेच नव्हता. तो होता घरच्या सरावाच्या मैदानात, आणि पोर पडली होती ती त्याच्यावरूनच.

"कुठला ओंडका?"

"असं काय करतेस? सकाळी तूच नाही का दाखवलास?" पोर हसली. तिच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेशही नव्हता.

कर्ण्यावर तिचा नंबर पुकारला गेला. घोडीने कान टवकारले. आत्याने एका झटक्यात बक्कल सोडलं, पट्टा ओढून घेतला आणि ती चालू लागली.

"आत्या! अगं, चाललीस कुठे? आत्या!"

तिने मागे वळून पाहिलं नाही. वळली असती तर पाय तिथेच अडकले असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांच्या तंबूत शिरून तिने पट्टा त्यांच्यासमोर टाकला.

"हे 'नाही' खोटं आहे. मीच लिहायला लावलं," ती म्हणाली. "आज तिला घोडीवर बसू देऊ नका. मी घटकाभराने येऊन पाया पडले, तरी देऊ नका."