हाताचा अंदाज

शेखर सर इंदिरानगरहून प्रयोगांची पेटी घेऊन जीपने सुरगाण्याच्या आश्रमशाळेत आले होते. आज खडू-फळा बंद. मुलांनी स्वतःच करून बघायचं होतं.

त्यांनी जेवणाचं स्टीलचं ताट आणि लाकडी पाट शेजारी शेजारी ठेवले. "हात लावा आणि सांगा, जास्त गार काय?"

"ताट!" अख्खा सातवीचा वर्ग ओरडला.

"आता थर्मामीटर लावा."

मोहिनीने लावला. दोन्हीकडे एकवीस. तिचा विश्वास बसेना, तिने पुन्हा लावला. पुन्हा एकवीसच.

सर खूश झाले. "बघितलं? ताट आपल्या हाताची ऊब पटकन ओढून घेतं, म्हणून ते गार लागतं. हात फसतो. हातावर विसंबायचं नाही, मोजायचं! लिहा वहीत."

सगळ्यांनी लिहिलं. तास संपला तशी पोरं जेवणाच्या रांगेकडे पळाली. मोहिनी तेवढी थर्मामीटर धरून उभी राहिली.

"काय गं, काही शंका आहे का?"

"सर, मागच्या वर्षी आम्ही सगळी द्राक्षाच्या कामाला गेलो होतो ना, तिथं आई तापानं फणफणली. तिसऱ्या दिवशी सकाळी आजीनं तिला हात लावला न् म्हणाली, गार पडली."

पेटी आवरणारे सर थांबले.

"मग सगळ्यांनी हातच लावून बघितला आणि तिला उचलून स्मशानात नेलं. मोजलं कुणीच नाय, सर."