लोढणं

पोनी आणायला निघताना आबांनी टेम्पोत जुनं लोढणं टाकलं. शेत विमानतळात गेलं, बैल विकले, पण कुंपणावरून उडणाऱ्या बैलाच्या गळ्यात बांधायचं ते लाकूड त्यांनी ठेवलं होतं. "उड्या मारतो म्हनतंस ना, मंग पायजेच," ते मला म्हणाले. करंजाड्याच्या मैदानावर त्यांनी बैलासारखेच पोनीचे दात पाहिले, पाय उचलून पाहिले. "जनावर बरं हाय. खोड तेवढी वाईट." आज घेतला नाही, तर पोनी पुण्याला जाणार होता. "पूर्वी, उडी दाखव," मला घोडेस्वारी शिकवणारे पोनीचे मालक म्हणाले. मी स्वार झाले. समोरचा आडवा बांबू धुक्यातून तरंगत आला आणि टापांचा आवाज थांबला. पनवेलवर पसरलेल्या पांढऱ्या दुधात आम्ही दोघं कितीतरी वेळ पोहत राहिलो. उतरले तेव्हा आबा टेम्पोकडे निघाले होते. त्यांनी लोढणं आणलं, दोन विटांवर आडवं ठेवलं. "आता ह्याच्यावरनं उडव बघू, बाय."